वजीरसाहेब, तुम्ही लढाईत कसे?

बुद्धिबळाचा पट मांडलात? थांबा, लगेच खेळायला बसू नका. आधी नुसती फौज बघा. पुढे आठ प्यादी, म्हणजे पायदळ. मागे हत्ती, घोडे, उंट. जुन्या काळी फौजेत हे सगळे असायचेच. मधोमध राजा. राज्यच त्याचं, तो असणारच. पण राजाच्या अगदी शेजारी हे दुसरं कोण उभं आहे?

वजीर! म्हणजे राजाचा मंत्री. वसुलीचे हिशेब बघायचे, खलिते वाचायचे, राजाच्या कानाशी लागून सल्ला द्यायचा, ही त्याची कामं. त्याची जागा दरबारात. तो रणांगणावर काय करतोय? बरं, आला तो आला, मागे तंबूत बसावं की नाही? छे! पटावर सगळ्यांत जास्त धुमाकूळ घालतो तो हाच. आणि गंमत म्हणजे आपल्या पटावर सेनापती नावाचं मोहरंच नाही. सगळ्या फौजेत वरचा हुद्दा कुणाचा, तर मंत्रिमहोदयांचा.

धुमाकूळ म्हणजे किती, ते मोजूनच बघू. बाकीची मोहरी डब्यात टाका आणि एकटा वजीर पटाच्या मधल्या चार घरांपैकी एकात ठेवा. तो उभा जातो, आडवा जातो, तिरपा जातो आणि हवी तितकी घरं जातो. घरं मोजा. २७ भरतील. आता त्याच जागी हत्ती ठेवा, १४ घरं. उंट, १३. घोडा, ८. चौदा आणि तेरा किती झाले? म्हणजे एका वजिराच्या अंगात एक अख्खा हत्ती आणि एक अख्खा उंट लपलेला आहे! कोपऱ्यात कोंबला तरी वजिराला २१ घरं मोकळी असतात. घोडा बिचारा कोपऱ्यात गेला की दोनच घरांचा धनी. म्हणूनच खेळाडू मोहऱ्यांची किंमत धरतात ती अशी: प्यादं १, घोडा आणि उंट ३-३, हत्ती ५ आणि वजीर ९.

पण हा वजीर पहिल्यापासून असा पैलवान नव्हता.

हा खेळ मूळचा आपल्याकडचा. साधारण सहाव्या शतकात तो इथे खेळला जायचा, तेव्हा त्याचं नाव चतुरंग. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ ही फौजेची चार अंगं, आणि त्यांच्या जोडीला राजा व त्याचा मंत्री. इथून खेळ इराणात गेला, तिथून अरबांकडे. या सगळ्या प्रवासात मंत्र्याची चाल तीच राहिली: तिरपं, एकच घर. संपली चाल! पटाच्या मध्यावर उभा असला तरी त्याला चारच घरं, आणि कोपऱ्यात गेला तर एक. नव्या घरात आणलेलं मांजर जसं माणसाचे पाय सोडत नाही, तसा तो राजाला चिकटून असायचा.

आता एक मजा बघा. फक्त तिरपंच चालायचं म्हटल्यावर पांढऱ्या घरात उभा असलेला मंत्री जन्मभर पांढऱ्याच घरांत फिरणार. म्हणजे ६४ पैकी ३२ घरांत त्याचं पाऊल कधी पडायचंच नाही. आज आपण मांडतो तसे दोन्ही बाजूंचे वजीर समोरासमोर ठेवा आणि त्यांच्या पायाखालचे रंग बघा. एक पांढऱ्या घरात, दुसरा काळ्या. म्हणजे जुन्या नियमाने हे दोन मंत्री डाव कितीही लांबला तरी एकमेकांना मारू शकत नव्हते. (मंत्रीच ते, भांडणसुद्धा दुसऱ्यांमार्फत करणार!)

अशा फौजेची लढाई किती रटाळ चालत असेल? अरब खेळाडू तर सुरुवातीच्या खेळी एकेक करून खेळायचा कंटाळा करत. ठरलेल्या मांडणीवर फौज आधीच पुढे आणून ठेवायची आणि तिथून खरा डाव सुरू करायचा, अशी त्यांची रीत होती.

मग पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात कुणीतरी नियमच बदलून टाकला. स्पेनमधल्या सालामांका शहरात १४९७ मध्ये लुसेना नावाच्या माणसाचं बुद्धिबळावरचं पुस्तक छापलं गेलं. त्यातली काही कोडी जुन्या नियमांची आहेत, तर काही नव्या. म्हणजे त्या दिवसांत दोन्ही खेळ शेजारीशेजारी चालू होते. तिकडे या मोहऱ्याला तोवर राणी म्हणू लागले होते. त्याच स्पेनमध्ये १४७४ पासून इसाबेला नावाची मोठी जबरदस्त राणी राज्य करत होती. तिच्याकडे बघूनच पटावरच्या राणीला बळ चढलं, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला हा तर्क आवडतो, पण तो तर्कच आहे. इटलीतल्या लोकांनी मात्र या नव्या खेळाचं फार झकास नाव ठेवलं: पिसाळलेलं बुद्धिबळ!

पिसाळलेलं का, ते पटावरच बघा. मोहरी परत मांडा. पांढऱ्याने राजाकडच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं. काळ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे घेतलं. पांढऱ्याने राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं ढकललं. आणि काळ्याचा वजीर सुटला, तिरपा, थेट पटाच्या कडेपर्यंत. शह! पांढऱ्या राजाला सरकायला सुरक्षित घर नाही, मध्ये घालायला मोहरं नाही, वजिराला मारणारं कुणी नाही. मात! काळ्याच्या दोन खेळींत राज्य बुडालं. यापेक्षा लवकर डाव संपूच शकत नाही. जुन्या मंत्र्याला हे स्वप्नातसुद्धा जमलं नसतं. तुमच्या वर्गात कुणी नवशिका असेल तर त्याच्यावर करून बघा, पण एकदाच. दुसऱ्यांदा तो फसायचा नाही.

नियम युरोपात बदलला, मग तो हळूहळू आपल्याकडेही आला. पण आपण मोहऱ्याचं नाव बदललं नाही. आपला तो वजीरच राहिला, दरबारातला माणूस, आणि फौजेत सर्वांत पुढे.

हे असं फक्त पटावरच होतं, असं वाटतंय ना? मग शिवाजी महाराजांच्या दरबारात चला. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांच्या भोवती अष्टप्रधान होते. त्यांत पहिला मान पेशव्यांचा, म्हणजे मुख्य प्रधानांचा. सेनापती हे पद निराळं होतं. पण पेशवे झाले म्हणून नुसतं गादीवर बसून कागद बघायची सोय नव्हती. पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर बाकीच्या प्रधानांना वेळ आली की मोहिमेवर निघावं लागे. १६७२ मध्ये साल्हेरच्या किल्ल्यापाशी मोगलांशी मोठी लढाई झाली. त्या लढाईत सेनापती प्रतापराव गुजर होते आणि त्यांच्या जोडीला मोरोपंत पिंगळे होते. मोरोपंत म्हणजे पेशवे! मराठ्यांनी ती लढाई मारली.

पुढे १७२० मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली, तेव्हा त्यांची विशीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती. पद कारभाराचं, शिक्क्यावर अक्षरं 'मुख्य प्रधान' अशी, आणि माणूस वर्षातला बराचसा काळ घोड्यावर. १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामाला असं काही कोंडीत पकडलं की त्याला तह करावा लागला. सेनापती होतेच, बरं का. ते होते त्र्यंबकराव दाभाडे. मग फौज नक्की चालवायची कुणी, मुख्य प्रधानांनी की सेनापतींनी? असल्या आणि इतर कुरबुरी इतक्या वाढल्या की १७३१ मध्ये डभईला दोघांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. एकाच छत्रपतींचे पेशवे आणि एकाच छत्रपतींचे सेनापती! दाभाडे त्या लढाईत मारले गेले. पटावर सेनापतीचं वेगळं मोहरं नाही हे एका अर्थी बरंच म्हणायचं.

आणि आज? आज आपल्या देशात लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिघांच्याही वर कोण आहे, ठाऊक आहे? आपले राष्ट्रपती. राज्यघटनेच्या ५३व्या कलमातच तसं लिहिलंय. राष्ट्रपतींना गणवेश नाही, खांद्यावर तारे नाहीत, ते निवडून आलेले नागरिक. तरी तिन्ही दलांचे प्रमुख त्यांना सलाम ठोकतात. अर्थात पटावरच्या वजिरासारखं मनाला येईल तिकडे धावता मात्र येत नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. आणि मंत्रिमंडळ? तेही निवडून आलेल्यांचंच. ज्यांच्या हातात बंदुका आहेत त्यांनी, ज्यांना लोकांनी निवडलंय त्यांचं ऐकायचं, अशी ही व्यवस्था.

कधी कधी मात्र हे सरसेनापती खरोखरच रणगाड्यात किंवा विमानात चढतात. २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई या लढाऊ विमानात बसून उडाले. २००९ मध्ये त्याच तळावरून प्रतिभाताई पाटील उडाल्या. त्या मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या, आणि आपल्या पहिल्या महिला राष्ट्रपती. वैमानिकाचा खास पोशाख, डोक्यावर शिरस्त्राण, सगळा जामानिमा. दोघांचंही वय त्या वेळी ७४ होतं! तुमच्या आजीला विचारून बघा, सुखोईत बसशील का म्हणून.

पुन्हा पटाकडे येऊ, कारण वजिराची एक गोष्ट राहिलीच. एवढा बलवान मंत्री, पण तो मेला तर डाव संपतो का? नाही! डाव संपतो तो राजाला मात बसली की. म्हणून पट्टीचे खेळाडू प्रसंगी आपला वजीर मुद्दाम मरू देतात. १८५१ मध्ये लंडनमध्ये अँडरसन आणि किझेरिट्स्की यांच्यात एक डाव झाला. अँडरसनने त्यात एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरसुद्धा देऊन टाकला. आणि उरलेल्या दोन घोड्यांनी व एका उंटाने मात केली! त्या डावाला आजही 'अमर डाव' म्हणतात.

शिवाय वजीर गेला तरी तो परत मिळवता येतो. एखादं साधं प्यादं जीव वाचवत पटाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचलं की त्याचा वजीर होतो. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात अनेक ठिकाणी ही बढतीसुद्धा जागा बघून मिळायची. प्यादं हत्तीच्या घरात पोहोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात पोहोचलं तर घोडा. आता तशी अट नाही. आठही प्यादी पोहोचली तर आठ नवे वजीर आणि पहिला धरून नऊ!

नऊ राहू द्या, आपण आठच घेऊ. हे एक जुनं कोडं आहे, १८४८ मध्ये माक्स बेत्सेल नावाच्या जर्मन बुद्धिबळपटूने घातलेलं. रिकाम्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कुणीच कुणाला मारू शकणार नाही. ना उभं, ना आडवं, ना तिरपं. आठ सर्वशक्तिमान मंत्री, एकाच राज्यात, भांडण न करता! अशा मांडण्या एकूण ९२ आहेत. आठ वजीर घरात नसतील तर हरभरे घ्या. सुरुवात मी करून देते. पहिल्या उभ्या ओळीत खालून पहिल्या घरात एक, दुसऱ्या ओळीत पाचव्या घरात एक, तिसऱ्या ओळीत आठव्या घरात एक. आता उरलेल्या पाच ओळींत पाच हरभरे ठेवायचे आहेत, आणि या सुरुवातीनंतर ते ठेवायची रीत फक्त एकच आहे. शोधा!