संदर्भसूचीसाठी मोफत साधन निवडताना

संदर्भ-व्यवस्थापक म्हणजे पुस्तके, लेख आणि अहवाल यांचे तपशील एकदाच नोंदवून घेऊन, लिहिताना हव्या त्या शैलीत तळटिपा व संदर्भसूची तयार करून देणारे सॉफ्टवेअर. मजकुरातला एखादा संदर्भ वाढला किंवा गळला, की सूची आपोआप बदलते.

मोफत साधनांत तीन नावे ठळक आहेत. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात घडलेले झोटेरो २००६मध्ये आले. ते मुक्तस्रोत असून वर्ड, लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत चालते. जॅबरेफ हेही मुक्तस्रोत; ते नोंदी बिबटेक स्वरूपाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवते, म्हणून लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत लिहिणाऱ्या गणित-भौतिकीच्या अभ्यासकांना सोयीचे पडते. मेंडेली मोफत असले तरी मुक्तस्रोत नाही; २०१३पासून ते एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे आहे. मेंडेली ऑनलाइन साठवणीला २ जीबी जागा देते, झोटेरो ३०० एमबी. मात्र झोटेरोची मर्यादा सर्व्हरवरच्या पीडीएफसारख्या फाइलींपुरतीच आहे. नोंदींना ती लागू नाही.

निवड ठरते ती अभ्यासविषयावरून. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्याला मँगनीजच्या खाणींसाठी फर्मर यांचा १९०९चा ग्रंथ लागतो, जिल्ह्याच्या माहितीसाठी लो यांनी संपादित केलेले १९०७चे गॅझेटियर आणि बैगा समाजासाठी व्हेरियर एल्विन यांचे १९३९चे पुस्तक. आजच्या शोधनिबंधाचा डीओआय हा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक दिला की लेखक, वर्ष, पृष्ठे आपसूक भरली जातात. मात्र वरील जुन्या ग्रंथांच्या मूळ आवृत्त्यांवर ना डीओआय आहे, ना आयएसबीएन हा पुस्तक-क्रमांक. त्यांच्या नोंदी हातानेच कराव्या लागतात आणि तिथे आडनाव, प्रकाशनस्थळ, आवृत्ती यांसाठी स्वतंत्र रकाने असणे मोलाचे ठरते. आपोआप भरलेली नोंदही मूळ लेखाशी ताडून पाहावी लागते, कारण चुकीची नोंद प्रत्येक सूचीत चुकीचीच उमटते.

हिंदी-मराठी पुस्तकांसाठी देवनागरीची चाचणी आवश्यक असते. झोटेरो आणि जॅबरेफ देवनागरी नोंदी साठवतात. परंतु सूची लावणाऱ्या मूळ बिबटेक प्रणालीला देवनागरी वर्णक्रम लावता येत नाही. लाटेकमध्ये त्यासाठी तिच्याऐवजी बायबर ही प्रणाली वापरावी लागते.

सर्वांत मोठी कसोटी नोंदी बाहेर काढता येण्याची. प्रबंधाला वर्षे लागतात आणि तेवढ्यात साधन बदलू शकते: मेंडेली डेस्कटॉप हे जुने रूप सप्टेंबर २०२२पासून नव्याने उतरवून घेता येत नाही. बिबटेक किंवा आरआयएस या सर्वमान्य स्वरूपांत नोंदींची प्रत वेळोवेळी काढून ठेवली, तर वर्षांची मेहनत कोणत्याही एका साधनाच्या स्वाधीन राहत नाही.

इंग्रजीबरोबर देवनागरी साहित्य हाताळणाऱ्या सामाजिकशास्त्रांच्या अभ्यासकाला झोटेरो आणि लाटेक वापरणाऱ्याला जॅबरेफ योग्य ठरते. निर्णयापूर्वी एक जुना ग्रंथ, एक मराठी पुस्तक व एक डीओआय असलेला लेख यांची नोंद करावी, सूची तयार करावी आणि त्याच नोंदी दुसऱ्या साधनात उघडून पाहाव्यात. तिन्ही नोंदी तिथे अचूक उतरल्या, तर पहिले साधन निवडायला हरकत नाही.