पन्नाशीनंतरचा डाव

पन्नाशी आली की आपल्याकडे बाईने नातवंडांची वाट पाहायची असते. जोहरा सहगल यांनी त्या वयात परका देश गाठला! १९६२ साली नाट्यशिक्षणाची शिष्यवृत्ती घेऊन त्या लंडनला गेल्या. तीन वर्षांपूर्वी पती कामेश्वर यांचे निधन झाले होते आणि किरण व पवन या दोन मुलांची जबाबदारी एकट्या जोहरांवर होती.

परदेश त्यांना नवा नव्हता. २७ एप्रिल १९१२ रोजी सहारनपूरला, रामपूरच्या रोहिला पठाण घराण्यात जन्मलेली ही मुलगी लाहोरला शिकली, मामांबरोबर मोटारने युरोपच्या वाटेला लागली आणि चक्क जर्मनीत, ड्रेस्डेनला मेरी विगमन यांच्याकडे नृत्य शिकली. १९३५मध्ये उदयशंकर यांनी तिला आपल्या पथकात घेतले. जपान, युरोप, अमेरिका असे दौरे झाले. पुढे अल्मोड्याच्या केंद्रात शिकवताना वयाने आठ वर्षांनी लहान असलेल्या कामेश्वर सहगल यांच्याशी सूर जुळले आणि १९४२मध्ये लग्न झाले. हिंदू-मुसलमान विवाह, त्यात नवरा लहान. घरच्यांना पटायला वेळ लागला, यात नवल ते काय?

मुंबईकरांनी त्यांना पाहिले ते पृथ्वी थिएटर्समध्ये. तिथे त्या तब्बल चौदा वर्षे होत्या. धाकटी बहीण उझरा ही तिथली प्रमुख नायिका. थोरली मात्र मिळेल ती भूमिका करी आणि नृत्येही बसवी. धाकटीच्या देखणेपणाचा आपल्याला हेवा वाटे, हे जोहराबाईंनी पुढे मोकळेपणाने सांगितले. असे कबूल करणारी माणसे नाट्यव्यवसायात थोडीच! ‘नीचा नगर’ आणि ‘धरती के लाल’ हे चित्रपट १९४६चे. गुरुदत्तच्या ‘बाजी’तील नृत्येही त्यांनीच बसवली.

पतीच्या निधनानंतर त्या दिल्लीला नाट्य अकादमीच्या संचालक झाल्या. पद होते, मान होता. तरीही लंडनला जाऊन त्यांनी पुन्हा पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले. त्या काळच्या ब्रिटिश दूरदर्शनवर भारतीय प्रौढ स्त्रीला भूमिका ती काय मिळणार? एखादे छोटे पात्र, दोन-चार वाक्ये, मग पुन्हा प्रतीक्षा. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या ‘पडोसी’ मालिकेचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे आले. पण खरे यश उजाडले ते १९८४मध्ये ‘द ज्युएल इन द क्राउन’मधल्या लेडी चॅटर्जीच्या भूमिकेने. तेव्हा त्यांचे वय होते बहात्तर. म्हणजे बावीस वर्षांची उमेदवारी!

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या दिल्लीला परतल्या. निवृत्त व्हायला नव्हे. इकडे उझरा साठच्या दशकातच पाकिस्तानात स्थायिक झाली होती. मधे सरहद्द, व्हिसा आणि दोन युद्धे. १९९३ साली लाहोरच्या अजोका थिएटरने ‘एक थी नानी’ हे नाटक केले, फाळणीने ताटातूट झालेल्या दोन बहिणींचे. त्यात जोहरा आणि उझरा एकत्र उभ्या राहिल्या. ऐंशी ओलांडलेली एक, पंचाहत्तरी ओलांडलेली दुसरी. प्रेक्षकांना नाटक कुठे संपते आणि आयुष्य कुठे सुरू होते, हे वेगळे काढणे अवघडच गेले असणार.

मग हिंदी चित्रपटांना एक खट्याळ आजी मिळाली. ‘दिल से’, ‘हम दिल दे चुके सनम’ आणि २००७चा ‘चीनी कम’. त्यात तर त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या! २०१०मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी लाहोरला उझरा गेली.

शंभरी गाठली तेव्हा ओडिसी नर्तकी असलेल्या मुलीने, किरणने, आईचे चरित्र लिहिले. नाव ठेवले ‘फॅटी’. दिल्लीत कुणी कविता म्हणायचा आग्रह केला की बाई खुर्चीत ताठ बसत आणि हफीज जालंधरींची तारुण्यावरची नज्म म्हणत, डोळे मिचकावत. १० जुलै २०१४ रोजी, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, दिल्लीतच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.