बहुमत कोठे मोजावयाचे?

निवडणुकीचा निकाल लागला की आपण सहज म्हणतो, ‘अमुक पक्ष निवडून आला, आता त्याचे राज्य.’ राज्यघटनेच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी सरकार निवडले गेलेले नसते. निवडले गेलेले असते ते केवळ सभागृह. सरकार त्यानंतर बनते आणि त्या सभागृहाच्या विश्वासावरच ते टिकते. हा भेद ध्यानात न आल्यामुळे पुष्कळदा मतदाराला आपली फसवणूक झाली असे वाटते. म्हणून आज ही रीत थोडी उलगडून पाहू.

केंद्राच्या बाबतीत घटनेचा अनुच्छेद ७५ आणि राज्यांच्या बाबतीत अनुच्छेद १६४ असे सांगतो की, मंत्रिमंडळ लोकसभेला, अथवा विधानसभेला, सामुदायिकपणे जबाबदार असेल. सर्वांत मोठ्या पक्षाचेच सरकार झाले पाहिजे, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. एखाद्या पक्षाला निम्म्याहून अधिक जागा मिळाल्या, तर प्रश्नच उरत नाही. त्या पक्षाचे सदस्य आपला नेता निवडतात आणि राज्यपाल त्याला पाचारण करतात. अडचण येते ती कोणालाच बहुमत नसते तेव्हा.

अशा वेळी राज्यपालांनी कोणता क्रम पाळावा, हे सरकारिया आयोगाने १९८८ साली सुचविले. प्रथम निवडणुकीपूर्वीची आघाडी. मग इतरांचा पाठिंबा मिळविणारा सर्वांत मोठा पक्ष. त्यानंतर निवडणुकीनंतर जमलेली व सर्व घटकपक्ष सत्तेत सामील असलेली आघाडी. आणि शेवटी, काही घटकांनी बाहेरून पाठिंबा दिलेली आघाडी. हा क्रम मार्गदर्शक आहे. अखेरची कसोटी सभागृहातच व्हावयाची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई खटल्यात स्पष्ट केले.

पहिले बोलावणे म्हणजे बहुमत नव्हे, याचे उदाहरण १९९६ चे आहे. १६१ जागा मिळविणारा भारतीय जनता पक्ष लोकसभेत सर्वांत मोठा ठरला. राष्ट्रपतींनी श्री. वाजपेयी यांना बोलाविले. परंतु बहुमत जुळले नाही आणि तेराव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

याच्या उलट प्रकार गोव्यात घडला. २०१७ च्या मार्चमध्ये चाळीस जागांच्या विधानसभेत काँग्रेसला १७ आणि भाजपला १३ जागा मिळाल्या. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व गोवा फॉरवर्ड यांना प्रत्येकी तीन, राष्ट्रवादी काँग्रेसला एक, आणि तीन अपक्ष. छोट्या पक्षांची व अपक्षांची साथ मिळवून श्री. मनोहर पर्रीकर यांनी दावा केला आणि १४ मार्चला शपथ घेतली. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने शपथविधी रोखला नाही. मात्र १६ मार्चलाच सभागृहात विश्वासमत घेण्याचा आदेश दिला. ठराव २२ विरुद्ध १६ मतांनी संमत झाला. पर्रीकर तेव्हा आमदारही नव्हते. बिगरसदस्याला सहा महिने मंत्रिपदावर राहता येते, या तरतुदीचा आधार घेऊन ते मुख्यमंत्री झाले आणि पुढे ऑगस्टमध्ये पणजीतून निवडून आले.

येथे कोणी म्हणेल, ‘१७ हरले आणि १३ जिंकले, हा कसला न्याय?’ हिशेबात चूक नव्हती. २२ ही संख्या १६ हून मोठीच. परंतु मगो व गोवा फॉरवर्ड हे पक्ष भाजपशी युती न करता, त्याच्या विरोधात लढले होते. त्यांना मत देणाऱ्या नागरिकाला हा निर्णय रुचलाच असेल असे नाही. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा एकेकट्या आमदाराला बांधून ठेवतो. सबंध पक्षाने कोणाशी हातमिळवणी करावी, याविषयी तो मौन पाळतो.

मग नागरिकाच्या हाती काय उरते? दोन गोष्टी. मत मागावयास आलेल्या उमेदवाराला, ‘बहुमत न मिळाल्यास तुमचा पक्ष कोणाला साथ देईल?’ असे चारचौघांत विचारावे आणि त्याचे उत्तर लक्षात ठेवावे. सरकार बनल्यानंतर विश्वासमताच्या वेळी आपला प्रतिनिधी कोणत्या बाजूला होता, हे वर्तमानपत्रात पाहावे. मतपेटीत आपण प्रतिनिधी निवडतो. त्याने दिलेल्या मताचा जाब विचारणे, हा त्या निवडीचाच पुढला भाग होय.