एका मुलाचे एक खाते

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. त्या दिवशी डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिका, मलमपट्टीचे साहित्य असे सर्व काही नदीकाठी सज्ज असते. डोके फुटलेल्या तरुणाला हाताला धरून नेणारे दहाजण धावतात. हे योग्यच आहे. परंतु ज्या बालकाचा आजार वर्षाचे ३६५ दिवस त्याच्या रक्तातच वस्ती करून आहे, त्याला हाताला धरून कोण नेतो, असा प्रश्न मनात आला आणि त्यातूनच हा लेख व्यापारी बंधूंच्या सेवेशी सादर करीत आहे.

हा आजार म्हणजे सिकलसेल. आपल्या भागात तो नवा नाही. नागपूर परिसरात त्याचे अस्तित्व शुक्ला व सोळंकी या डॉक्टरद्वयाने १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात नोंदविले. गोंड बंधूंमध्ये तो आढळतो, तसा विदर्भातील इतर अनेक समाजांतही आढळतो. आई व वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक इतकी शक्यता मूल आजारी जन्मण्याची असते. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटांत, छातीत असह्य कळा येतात. थंडी, ताप, अतिश्रम, अंगातील पाणी कमी होणे, एवढे निमित्त त्यास पुरते.

येथे एक गोष्ट आपल्या धंद्याशी जोडून पाहण्यासारखी आहे. आपल्या तालुक्यांतील मजूर कुटुंबांची कमाई कापूस वेचणीच्या दिवसांत होते, आणि ते दिवस थंडीचे. म्हणजे घरात चार पैसे येण्याचे दिवस आणि मुलाच्या कळा वाढण्याचे दिवस एकच. आईने शेतात जावे की मुलाला घेऊन दवाखान्यात जावे, हा पेच तिच्यापुढे दर हंगामात उभा राहतो.

आता असे म्हणाल की, शासन आहेच. होय, आहे, आणि त्याने केलेले काम लहान नाही. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार तपासणी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जातात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असा त्याचा संकल्प आहे. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या सूचीत स्थान दिले. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयीन उपचार मिळतो, आणि योजनेशी जोडलेल्या नागपूरच्या रुग्णालयातही आपल्या मध्य प्रदेशाचे कार्ड चालते. रेल्वेने उपचारार्थ जाणाऱ्या सिकलसेल रुग्णाला शयनयानासारख्या वर्गांत भाड्याची सवलत ठेवली आहे.

मग उणे कोठे आहे? व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर उणे लगेच दिसते. आयुष्मानचा पैसा मूल रुग्णालयात भरती झाले तर मिळतो. भरतीपूर्वीचे तीन दिवस व नंतरचे पंधरा दिवस धरून. परंतु सिकलसेलच्या मुलाचे खरे औषध हे की, त्याला भरती करण्याची वेळच येऊ नये. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध अल्प व ठराविक मात्रेत देऊन २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कळांचे झटके, रक्त देण्याचे प्रसंग आणि भरती, तिन्ही कमी झाल्या. औषध महाग नाही. पण ते रोज घ्यावयाचे, त्यासाठी वेळोवेळी रक्त तपासावयाचे, मात्रा वजनाप्रमाणे बदलावयाची. लहान वयात जंतुसंसर्गापासून संरक्षणासाठी पेनिसिलीन व लस. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची वर्षातून एकदा तपासणी. खुब्याचे हाड दुखू लागले तर अस्थितज्ज्ञ, दृष्टीसाठी नेत्रतज्ज्ञ. या सर्व फेऱ्यांना भरती म्हणत नाहीत, म्हणून भरतीच्या योजनेत त्यांना जागा नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व यांसाठी ‘निरामय’ विमा आहे. त्यात एक लाखापर्यंतच्या मर्यादेत भरतीविना उपचार व प्रवासखर्चही बसतो. परंतु सिकलसेल त्याच्या कक्षेत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, वर्षाला रक्ततपासणीच्या बारा फेऱ्या आहेत आणि मेंदू, हाडे, डोळे, लस यांसाठी आणखी सहा. पांढुर्ण्यापासून नागपूर सुमारे १०० किलोमीटर. सौंसर त्याहून जवळ, पण खेड्यातून सौंसरला यावयाचे ते निराळेच. म्हणजे अठरा दिवसांची आईची मजुरी, अठरा वेळचे भाडे, अठरा वेळ दुसऱ्या लेकराला शेजारणीकडे ठेवणे. याच अठरा फेऱ्या कोणी आधी पत्र लिहून, दूरध्वनी करून, तज्ज्ञांचे वार जुळवून बारांत बसविल्या, तर सहा दिवस वाचले. हे काम डॉक्टरचे नव्हे. औषधाच्या दुकानदाराचेही नव्हे. हे मुनिमाचे काम आहे.

पुन्हा आपली भूमी सीमेवरची. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. जुने दाखले छिंदवाड्याचे, नवे कार्यालय पांढुर्ण्याचे, राजधानी भोपाळ, आणि मोठा उपचार महाराष्ट्रातील नागपुरात. बोलणे मराठी, पुष्कळसे कागद हिंदी, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजी. या सर्व चिठ्ठ्या बहुधा एका पिशवीत, पावसात भिजलेल्या.

परदेशातही ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात अपंग बालकांच्या सेवेसाठी राज्यांना अनुदानाची तरतूद झाली. पुढे १९६७ मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘वैद्यकीय घर’ ही कल्पना मांडली. प्रथम त्याचा अर्थ अगदी साधा होता: दीर्घ आजाराच्या मुलाची सर्व वैद्यकीय माहिती एका ठिकाणी असावी. आपल्या भाषेत सांगावयाचे तर रोजमेळातील विखुरलेल्या नोंदी खतावणीत एका नावाखाली घ्याव्या. ज्यांनी आयुष्यभर हेच केले, त्यांना ते समजावून सांगण्याची गरज नसावी.

आपल्याकडे औषधदानाची परंपरा मोठी आहे, आणि आपण शिबिरे भरवितो. शिबिरात मांडव, स्वागत, हारतुरे, तपासणी, छायाचित्र. त्यात दोष काढण्याचा हेतू नाही. परंतु ज्या मुलाला शिबिरात सिकलसेल असल्याचे सांगितले, त्याचे दुसऱ्या महिन्यात काय झाले याची नोंद कोणाच्या वहीत असते? प्रस्तुत लेखकानेही अशा शिबिरांत खुर्च्या मांडल्या आहेत व ही विचारणा तेव्हा केली नाही, हे कबूल केले पाहिजे.

निधीचा मार्ग जुनाच आहे. पूर्वी बाजारात व्यवहारामागे धर्मादा कापला जाई. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली ठरविले की, गिऱ्हाइकांकडून धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम ही व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. ती आरंभापासूनच धर्मकार्याची ठेव आहे. निकाल आपल्या बाजूचा, पण मनाला टोचणाराही. कारण पैसा गिऱ्हाइकाचा आणि कीर्ती पेढीची! आज शेतकऱ्याच्या कापसावर वा संत्र्यावर अशी कपात कोणी सुचवू नये. ज्याच्या घरी आजारी मूल, त्याच्याच गाडीतून उपचाराचा पैसा काढण्यात अर्थ नाही. रक्कम आपल्या अडतीतून, आपल्या नफ्यातून निघावी, आणि ती दिवाळीच्या वहीपूजनाला एकदाच न देता दरमहा द्यावी. कारण खर्च दरमहाचा आहे.

पहिल्या वर्षी खर्चाच्या बाजूस तीनच नावे असावीत: एका शिकलेल्या सेविकेचा पगार, प्रवासखर्च, आणि आईची बुडालेली मजुरी. तिसऱ्या नावावर सभेत वाद होईल, मजुरी देणे हे औषधदान कसे, असे कोणी विचारील. त्यांनी एकदा पहाटेच्या गाडीच्या वेळी पांढुर्णा स्थानकावर जाऊन उभे राहावे.

सेविका शक्यतो स्थानिक असावी, मराठी, हिंदी व होईल तेवढी गोंडी बोलणारी. तिचे पहिले काम म्हणजे मुलांच्या पिशव्यांतील कागद वाळवून, तारखेप्रमाणे लावून एका वहीत चिकटविणे. खाते पांढुर्ण्यात असावे की सौंसरात, हा प्रश्न निघणारच. वही मुलाच्या घरी राहील, एक प्रत सेविकेजवळ आणि एक नागपूरच्या डॉक्टरांकडे. कोनशिलेसाठी यात रक्कम धरलेली नाही.