रावपुरा: ऐकीव काय, खरं काय

बडोद्याला जायचं ते लक्ष्मी विलास राजवाडा बघायला, असं ठरवून आपली मराठी माणसं येतात आणि रावपुऱ्यातून रिक्षाने सुसाट निघून जातात. मला याचं फार वाईट वाटतं. गर्दीचा हा रस्ता पायी हिंडण्याचा आहे. त्याच्याबद्दल पसरलेले काही समज मात्र आधी दूर करायला हवेत.

रावपुऱ्याच्या घड्याळाच्या टॉवरला चिमणाबाईंचं नाव आहे. या चिमणाबाई म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या दुसऱ्या पत्नी, 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झालेल्या, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. हा टॉवर महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ 1896 मध्ये बांधला. त्या तंजावरच्या मोहित्यांची लेक. 1885 मध्ये, ऐन तारुण्यात, त्या गेल्या. बडोद्यात लग्नानंतर दोघींनाही चिमणाबाई हेच नाव मिळालं, म्हणून हा घोटाळा होतो आणि थोरल्या बाईंची आठवण मागे पडते.

जवळचा तांबेकर वाडा गायकवाडांचा नाही. तो दिवाण विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकरांचा. लाकडी वाड्यातल्या भिंतींवर चित्रं आहेत, पण ती नुसती पुराणातली नव्हेत. कृष्णलीला आणि महाभारत यांच्याबरोबर इंग्रज-मराठा युद्धही तिथे रंगवलेलं आहे. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे.

आता खाण्याकडे वळू. ‘सेव-उसळ म्हणजे गुजरात्यांनी गोड केलेली मिसळ’ हे वाक्य मी पुण्यात अनेकदा ऐकलंय, आणि ते दोन्ही अंगांनी चुकीचं आहे. आपल्या मिसळीत बहुधा मोड आलेली मटकी आणि मिश्र फरसाण; इथे सुक्या वाटाण्याचा पातळ रस्सा, वर जाड सेव, कांद्याची पात आणि सोबत पाव. झणझणीत तरी वेगळी मिळते, तिखट किती हवं ते खाणाराच ठरवतो. उसळ आणि तरी हे दोन्ही शब्द बडोद्याच्या गुजरातीत सहज रुळलेत. 1949 पर्यंत इथे गायकवाडांचं राज्य होतं, कारकुनापासून दिवाणापर्यंत मराठी घरं नांदत होती. त्यांच्या शेजारात ही ताटली घडली असावी. तिला मिसळीची नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

‘तिखटाने जंतू मरतात, रस्त्यावरचं बिनधास्त खा’ हा समज तर घातकच. पोटात गेलेल्या जंतूंना मिरची आवरत नाही. अन्न नीट शिजवून 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवलं, तर त्यात जंतूंची वाढ रोखली जाते. म्हणून शेगडीवर उकळत असलेला रस्सा त्यातल्या त्यात सुरक्षित. जपायचं ते उघड्यावरचा चिरलेला कांदा, पाणी घातलेली चटणी आणि पिण्याचं पाणी यांपासून. पातेलं थंड पडलेलं दिसलं तर पुढची गाडी गाठा.

शेवटचा समज इथल्या लिलो चेवडोबद्दलचा. तो ओलसर लागला की नवखे ग्राहक तो शिळा समजून परत करतात. बटाट्याचा तळलेला कीस आणि भिजवून तळलेली हरभऱ्याची डाळ यांचा तो चिवडा मुळातच मऊ, आंबट-गोड असतो. त्यात ओल असल्याने आपल्या पोह्यांच्या चिवड्यासारखा तो महिनाभर डब्यात राहत नाही. न्यायचाच असेल तर निघायच्या दिवशी घ्या.