आधी गार पाणी, मग गरम

हाताला चटका बसला नाही म्हणजे पाणी सोसवेल इतकंच गरम आहे, असं आपण धरून चालतो. ते दर वेळी खरं नसतं, हे वर्धा जिल्ह्याला निदान नव्वद वर्षांपासून ठाऊक आहे. 1936 साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठसेवेचं काम सुरू केलं. 1951 साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्यातच उभं राहिलं. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. चहाचा पेला तळव्याला भाजत असतो, पण ते कळतं फोड आल्यावर. म्हणूनच अशा रुग्णांना शिकवतात की पाण्यात हात घालायचा नाही, जाणीव शाबूत असलेल्या कोपराने ते पाहायचं.

हीच गोष्ट आज घरोघरच्या मधुमेहींना सांगायला हवी. वर्षानुवर्षांच्या साखरेने पावलं बधिर झालेली असतात. थंडीत ती ठणकली की आजोबा घमेल्यात कढत पाणी घेऊन शेकत बसतात आणि बरं वाटलं म्हणून आणखी ओततात. अशा पायांचा शेक बंदच केलेला बरा. आंघोळीचं पाणी घरातल्या दुसऱ्या कुणी पाहून द्यावं.

मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी 1947 साली मोजून दाखवलं की 60 अंशांचं पाणी सुमारे पाच सेकंदांत खोल भाजतं, 49 अंशांना मात्र काही मिनिटं लागतात. बाळाची कातडी पातळ असल्याने त्याला अवधी आणखी कमी मिळतो. तेव्हा गीझरचं बटण शेवटच्या टोकाला फिरवून ठेवण्यात काही शहाणपण नाही. ते 50 च्या आसपास असलं तरी आंघोळ छान होते.

पण आपल्याकडे खरा धोका नळापेक्षा बादलीत असतो. चुलीवरचा गंज उचलून मोरीत नेताना लेकरू पायात येतं. बादलीत लावलेल्या साध्या रॉडला कुठे थांबायचं ते कळत नाही, तो पाण्याला उकळी आणतो. वरून शॉकची भीती वेगळीच. रांगत्या मुलाच्या हाताला बादलीचा काठ सहज लागतो. गरम पाण्यात मागाहून विसण घालायची आपली जुनी रीत इथेच फसते. गार पाणी आणायला वळलं की तेवढ्यात पोर पाण्यात. म्हणून बादलीत आधी गार पाणी, त्यावर गरम. रॉड चालू असेल तर मोरीचं दार बाहेरून बंद.

छपरावरच्या सोलरची तऱ्हा उलटी आहे. मे महिन्यात गरम पाणी कुणी काढत नाही, त्यामुळे काचनळ्यांच्या सोलरमधलं पाणी रोज तापत राहतं आणि एखाद्या दुपारी चुकून तो नळ उघडला की वाफाळती धार अंगावर येते. उन्हाळ्यात निम्म्या नळ्यांवर जाड कापड टाकावं.

एवढं करूनही भाजलंच, तर अंगठी, बांगड्या, ओले कपडे लगेच काढा. कातडीला चिकटलेलं मात्र ओढू नका. नळाच्या गार पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं धरा. एवढा वेळ लहान मूल कुडकुडेल, म्हणून त्याचं बाकीचं अंग पांघरुणात ठेवा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यातलं काहीही लावायचं नाही, फोडही फोडायचे नाहीत. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जननेंद्रिय भाजलं असेल, अथवा भाजलेला माणूस बाळ किंवा म्हातारा असेल, तर 108 ला फोन करून सेवाग्राम किंवा सावंगीचं रुग्णालय गाठा.