आई-बाबांनाही आधार लागतो

एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं की चर्चा दोघांचीच होते, त्या मुलाची आणि गुन्हेगाराची. त्या घरातल्या आई-बाबांचं काय होतं, हे सहसा कुणी विचारत नाही. मी ते जवळून पाहिलंय. माझ्या एका मित्राच्या मुलाच्या बाबतीत हे घडलं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि तो माणूस नात्यातलाच, सणावाराला घरी येणारा. मित्राच्या आणि वहिनींच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून लिहितोय.

अशा वेळी आधी राग येत असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दोघं सुन्न झाले. "त्याचा काहीतरी गैरसमज झाला असेल," असं मित्र दोन दिवस म्हणत राहिला. मग तारखा सुरू झाल्या. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. सिस्टिम बंद पडली की लॉग मागे मागे वाचत जायची सवय. तो तसाच मागे जात राहिला. दिवाळीत तो माणूस मुक्कामाला होता, मे महिन्यात लग्नाला जाताना मुलाला त्याच्याच भरवशावर ठेवलं होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो जुने फोटो बघत बसायचा.

वहिनींचं वेगळंच चाललं होतं. मुलगा मध्यंतरी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागला होता, त्या घरी जायला नको म्हणत होता. "मी आई असून मला कळलं कसं नाही?" हा एकच प्रश्न त्यांना पोखरत होता. त्यात तो माणूस त्यांच्या माहेरचा. एका रात्री मित्र ते बोलून गेला आणि पुढे कित्येक दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. वडीलधारी म्हणाली, "मुलगाच आहे, विसरेल. घरातलं घरात मिटवा."

'मुलगाच आहे' हा समज किती चुकीचा, ते आकडे सांगतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणजे आई-बाबांचाही विश्वास त्याच माणसाने मोडलेला असतो. दुःखाबरोबर नातंही तुटतं, आणि म्हणूनच हे इतकं जड जातं.

मित्राचा राग आला तो नंतर. तो त्या माणसाला मारायला निघाला, घरात आरडाओरडा झाला. तेव्हा मुलाने विचारलं, "बाबा, तू माझ्यावर चिडलायस का?" मुलं असाच अर्थ लावतात. आपण सांगितलं म्हणून घर बिघडलं, असं त्यांना वाटतं. मुलाला सावरायला सर्वांत जास्त मदत कशाची होते, तर घरच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवण्याची. "तू सांगितलंस हे फार बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं शांतपणे म्हणायचं आणि तेच तेच प्रश्न विचारून त्याला थकवायचं नाही. पण स्वतः कोसळलेल्या माणसाला शांत राहणं जमणार कसं? म्हणून समुपदेशन मुलाइतकंच आई-बाबांनाही हवं. हे दोघं गेले. हळूहळू भांडणं कमी झाली, मुलगाही नीट झोपू लागला.

पोलिसांची भीती मोठी असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पण हाच कायदा मुलाला जपतोही. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाची ओळख उघड करायला माध्यमांना मनाई आहे. कोर्टात मुलाला वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. बाल कल्याण समिती सोबतीला सहायक व्यक्ती देऊ शकते. खटला शक्यतो वर्षभरात संपावा असं कायदा म्हणतो, तरी तारखा लांबतात. प्रत्येक तारखेला जखम उघडी पडते, याची मनाची तयारी ठेवावी लागते.

आपली मंडळी पिढ्यान्पिढ्या एकमेकांना ओळखतात. गणपतीला, हळदीकुंकवाला तीच घरं भेटतात. त्यामुळे इथे "लोक काय म्हणतील" जरा जास्तच बोचतं. पण ती 'लोक' म्हणजे आपणच ना? मग आपण एवढं करू शकतो. नेमकं काय झालं ते खोदून विचारू नये. "तुमचं लक्ष कुठे होतं?" असं तर कधीच म्हणू नये. डबा पोचवावा, तारखेच्या दिवशी धाकट्या भावंडाला आपल्याकडे ठेवावं, कोर्टात सोबत जावं. आणि त्या माणसाला पुन्हा कार्यक्रमांना बोलावून "झालं गेलं विसरा" म्हणू नये.

मुलासाठी चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि आई-बाबांच्या मनासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत. फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा. आपल्याला नाही, तर शेजारच्या घराला लागतील.